दोन बल्बांचा प्रश्न आणि प्रोजेक्टर लावण्याची वेळ

नववीच्या ‘धाराविद्युत’ या पाठाची सुरुवात मी गेली काही वर्षे फळ्यावरच्या एकाच आकृतीने करते. दोन सेल, एक कळ आणि टॉर्चचे दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत जोडलेले आहेत. कळ दाबल्यावर पहिला बल्ब अधिक प्रकाशेल, दुसरा अधिक प्रकाशेल, की दोन्ही सारखेच प्रकाशतील, एवढेच विचारायचे असते. दर वर्षी निम्म्याहून अधिक वर्ग पहिल्या बल्बाच्या बाजूने उभा राहतो आणि कारणही जवळजवळ त्याच शब्दांत येते: ‘बाई, पहिला बल्ब थोडी वीज खातो, उरलेली दुसऱ्याकडे जाते.’

हे उत्तर चुकीचे आहे. पण ते आळसातून आलेले नाही, हे समजायला मला बराच काळ लागला. आपल्या घरातली भाषाच मुलांना हे शिकवत असते. फ्रिज जास्त वीज खातो, सेल संपतो, लाइट जाते आणि येते, बिल वापरलेल्या विजेचे येते. या सगळ्या वाक्यांत ‘वीज’ म्हणजे ऊर्जा असते, आणि ऊर्जेबद्दल ती वाक्ये बरोबरच आहेत. शाळेत मात्र त्याच शब्दाच्या जागी आम्ही ‘विद्युतधारा’ हा शब्द ठेवतो आणि मुले जुनी वाक्ये नव्या शब्दावर चढवतात. ऊर्जा बल्बात खर्ची पडते, धारा पडत नाही. बल्बात जितकी धारा शिरते तितकीच बाहेर पडते. हे वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले, मुलांनी ते वहीत उतरवले, परीक्षेत ते बरोबर लिहिलेही; आणि आकृती थोडी बदलून दिली की पहिला बल्ब पुन्हा वीज खाऊ लागे.

आमच्या शाळेत प्रोजेक्टर आला तेव्हा मला वाटले की हा प्रश्न आता सुटला. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा उपक्रम मला तेव्हा माहीत झाला होता. भौतिकशास्त्राचे २००१ सालचे नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये तो सुरू केला आणि त्यातील विज्ञान व गणिताची परस्परसंवादी सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः चालवून पाहण्याच्या प्रतिकृती, विनामूल्य आहेत. अनेक सिम्युलेशन्स मराठीतही उपलब्ध आहेत. त्यांतील परिपथ जोडण्याच्या सिम्युलेशनमध्ये पडद्यावर सेल, तारा आणि बल्ब ओढून आणून जोडता येतात, तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात, अँमीटर (धारा मोजणारे उपकरण) आणि व्होल्टमीटर हवे तिथे लावता येतात. मी पहिल्याच तासिकेला ते दाखवले. वर्ग अगदी स्तब्ध होऊन पाहत होता, आणि ती स्तब्धता म्हणजे समज, असे मी धरून चालले. दोन आठवड्यांनी घटक चाचणीत दोन बल्बांचा प्रश्न घातला. उत्तरे पूर्वीचीच होती.

तेव्हापासून मी साधन बदलले नाही, क्रम बदलला. प्रथम प्रत्येकाने आपले भाकीत लिहायचे, मग खरे साहित्य हाताने जोडून पाहायचे, आणि पडदा सर्वांत शेवटी. या पद्धतीचे मूळ ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठातील रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गन्स्टन यांच्या कामात आहे. त्यांनी ‘भाकीत करा, निरीक्षण करा, स्पष्टीकरण द्या’ अशी तिची मांडणी केली. वाचायला ती सोपी वाटते, पण वर्गात तिचा सर्वांत अवघड भाग पहिलाच आहे. आपल्या मुलांना उत्तर माहीत नसताना काही लिहायची सवय नसते. चुकीचे लिहिले तर लाल रेघ येते, हे ती पहिलीपासून शिकलेली असतात. म्हणून भाकिताचे पान पेनानेच लिहायचे, त्यावर खाडाखोड करायची नाही आणि मी त्यावर गुण देणार नाही, असे तीन नियम मी जूनमध्येच सांगते. पहिले दोन महिने तरी मुले शेजारच्याच्या वहीत डोकावतात. साधारण गणपतीच्या सुट्टीनंतर ते डोकावणे कमी होते.

प्रश्न विचारून थांबणे हेही मला शिकावे लागले. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गांतील संभाषणांचा अभ्यास करून दाखवले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि ही वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली की उत्तरे लांब, कारणांसहित येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे काय ते वर्गासमोर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. मी मनातल्या मनात ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ असे मोजते आणि ते मोजताना अजूनही अवघडते.

भाकिते गोळा करण्यासाठी मी ‘प्लिकर्स’ हे अ‍ॅप वापरते. त्यात प्रत्येक मुलाच्या हातात एक छापील कार्ड असते, कार्डावरची चौकडीची आकृती चार बाजूंनी धरता येते आणि प्रत्येक बाजू म्हणजे एक पर्याय असतो. मुलांकडे फोन असण्याची गरज नाही. मी माझा फोन वर्गावरून फिरवते आणि कोणी काय निवडले ते नोंदले जाते. शेजाऱ्याला आपला पर्याय कळत नाही, हा त्यातला मोठा गुण. नेट नसेल त्या दिवशी मुले छातीजवळ एक, दोन किंवा तीन बोटे धरतात. तेही जवळजवळ तितकेच उपयोगी पडते. मते विभागली गेली असतील तर मी उत्तर सांगत नाही. वेगळे मत असलेल्या शेजाऱ्याला पटवायला दोन मिनिटे देते आणि पुन्हा मत घेते. हार्वर्डचे एरिक मेझर यांनी १९९१ पासून आपल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत ही पद्धत रुजवली. पन्नास मुलांच्या आमच्या वर्गात ती गोंगाट करते, आणि शेजारच्या वर्गाच्या सरांना मी त्याची आधीच कल्पना देऊन ठेवते.

आता बल्बांकडे येते. टॉर्चचे तारेचे बल्ब हल्ली गावात सहज मिळत नाहीत. एलईडी मिळतात, पण ते एकाच दिशेने जोडले तर पेटतात आणि त्यांची गणिते वेगळी असल्यामुळे या प्रश्नाला चालत नाहीत. म्हणून तालुक्याच्या गावी गेले की मी जुने बल्ब डझनाने आणून ठेवते. ते एका खोक्यातले, एकाच छापाचे असले तरी हुबेहूब सारखे नसतात, आणि एका वर्षी नेमके तेच झाले. एका गटाच्या मांडणीत पहिला बल्ब खरोखरच अधिक प्रकाशला. ‘आम्ही म्हणालो होतो ना!’ असा एकच गलका झाला.

तो क्षण मी पूर्वी घाईने निभावून नेला असता. ‘बल्ब खराब आहे’ असे म्हणून दुसरा लावला असता. त्या दिवशी मात्र मी विचारले की हा फरक बल्बाच्या जागेमुळे आहे की बल्बामुळे, हे कसे ठरवाल. मागच्या बाकावरच्या एका मुलीने सांगितले की दोघांच्या जागा बदलून पाहा. जागा बदलल्या. पूर्वी पहिल्या जागी असलेला तेजस्वी बल्ब दुसऱ्या जागी गेला आणि तिथेही तोच अधिक तेजस्वी राहिला. मग एका मुलाने सेलची टोके उलटी केली, तरीही तोच. त्यानंतर अँमीटर पहिल्या बल्बाआधी, दोघांच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या नंतर असा तीन ठिकाणी लावला, तेव्हा काटा तिन्ही वेळा एकाच रेघेवर थांबला. वर्गात काही वेळ कोणी काही बोलले नाही. विज्ञानातील नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे मी त्या वर्गाला पुन्हा शिकवले नाही.

सिम्युलेशनमध्ये हे कधीच घडले नसते, कारण तिथे सारखे म्हटलेले दोन बल्ब कधीच असमान नसतात. पडद्यावर सैल जोड नसतो, गंजलेली कळ नसते, अर्धवट सोललेली तार नसते. म्हणून हाताने होणारी गोष्ट मी पडद्यावर करून घेत नाही. पडद्याचे काम त्यानंतर सुरू होते: काटा एकाच रेघेवर का थांबला, हे डोळ्यांना दिसत नाही आणि ते दिसण्याजोगे करणे सिम्युलेशनला जमते. सगळ्या तारेतले इलेक्ट्रॉन कळ दाबताच एकदम सरकू लागतात, बल्बाच्या आधी आणि नंतर त्यांची गर्दी सारखीच राहते, हे पाहताना मुलांच्या मनात स्वतःच्या हाताने घेतलेले तीन वाचन असते. आता ती काहीतरी शोधत पाहतात. खऱ्या तारेत इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतकेच पुढे सरकतात, तरी बल्ब लगेच का पेटतो, हा प्रश्नही तिथेच सुटतो, कारण सेलपासून निघालेल्या इलेक्ट्रॉनची वाट बल्बाला पाहावी लागत नाही.

एकदा एका मुलाने मला विचारले, ‘बाई, इलेक्ट्रॉन निळेच असतात का?’ त्या सिम्युलेशनमध्ये ते निळ्या गोळ्यांसारखे दाखवले आहेत. त्या प्रश्नाने मी सावध झाले, आणि तेव्हापासून प्रत्येक सिम्युलेशननंतर पाच मिनिटे एका प्रश्नाला राखून ठेवते: यात काय खरे नाही? मुले यादी करतात. इलेक्ट्रॉन निळे नसतात, इतके मोठे नसतात, इतके थोडे नसतात, असे शिस्तीत सारख्या अंतरावर चालत नाहीत. गेल्या वर्षी एका मुलीने या यादीत एक ओळ घातली, ती अशी: ‘यातला सेल कधीच संपत नाही.’ तिचे म्हणणे अगदी बरोबर होते, आणि त्या ओळीवरून मला ऊर्जा आणि धारा यांतील फरकाकडे पुन्हा वळता आले. धारा जर बल्बात संपत नसेल तर सेलमधले संपते ते काय, हा प्रश्न त्या दिवशी वर्गाने विचारला. रासायनिक ऊर्जेपर्यंत आम्ही त्याच तासिकेत पोहोचलो. प्रतिकृतीची मर्यादा ओळखणे हे मी आता प्रतिकृती पाहण्याइतकेच महत्त्वाचे मानते, आणि खरे सांगायचे तर त्या पाच मिनिटांत मुले जितके बोलतात तितके उरलेल्या तासिकेत बोलत नाहीत.

फोनच्या बाबतीत माझे मत याहून थोडे वेगळे आहे. फोन हा छोटा पडदा म्हणून मला वर्गात नको वाटतो. मोजमापाचे उपकरण म्हणून तो फार मोलाचा आहे. जर्मनीतील आखेन विद्यापीठात तयार झालेले ‘फायफॉक्स’ हे विनामूल्य अ‍ॅप फोनमधले मायक्रोफोन, त्वरणमापक, चुंबकत्वमापक असे संवेदक वापरायला देते. ध्वनीच्या पाठात आम्ही त्यातील आवाजावर चालणारे स्टॉपवॉच वापरतो. पहिला आवाज झाला की ते सुरू होते आणि दुसरा आवाज झाला की थांबते. मैदानावर टेपने वीस मीटर मोजून दोन टोकांना दोन फोन ठेवायचे. पहिल्या फोनजवळ एकाने टाळी वाजवायची, थोड्या वेळाने दुसऱ्या फोनजवळ दुसऱ्याने. पहिली टाळी पहिल्या फोनला लगेच ऐकू येते आणि दुसऱ्याला उशिरा. दुसऱ्या टाळीचे उलटे होते. त्यामुळे दोन फोनवरच्या वेळांत जो फरक राहतो तो ध्वनीला वीस मीटर अंतर दोनदा कापायला, म्हणजे चाळीस मीटर जायला, लागलेला वेळ असतो. हा फरक ०.११५ सेकंदांच्या आसपास येतो आणि भागाकार केला की वेग सेकंदाला ३४८ मीटरच्या जवळपास निघतो.

यातला तर्क, दोन वेळांच्या फरकात अंतर दुप्पट का येते, मुलांना आकृती काढून स्वतः शोधू द्यावा. मी तो सांगून टाकला त्या वर्षी प्रयोग नुसता टाळ्या वाजवण्याचा झाला. मैदानावर वारा असेल, बाजूने मोटारसायकल जात असेल, तर फोन भलत्याच आवाजाने सुरू होतो. अ‍ॅपमध्ये किती मोठ्या आवाजाला दाद द्यायची ते ठरवता येते. ते आधी जमवून घ्यावे, आणि टाळीऐवजी दोन लाकडी ठोकळे आपटले तर आवाज अधिक नेमका येतो. प्रत्येक गट पाच-सहा वेळा वाचन घेतो आणि ती सगळी फळ्यावर लिहिली जातात. २२ अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर असतो, आणि आपल्याकडे दुपारी मैदानावर तापमान तीसच्या पुढे असते. आपले उत्तर मोठे का आले, हे मुलांनी तापमानाशी जोडले तेव्हा मला फार आनंद झाला. परंतु वाचनांमधला परस्पर फरक तापमानाच्या परिणामाहून मोठा होता, आणि हेही मी त्यांना त्याच दिवशी दाखवले. आपल्या मोजमापावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे नववीच्या वयात समजते, असा माझा अनुभव आहे.

सातवीच्या वर्गाला मी चंद्राची वही ठेवायला लावते. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, ही समजूत मुलांइतकीच मोठ्यांतही पक्की असते. ती हलवायला मला सर्वांत उपयोगी पडली ती संकष्टी. ज्यांच्या घरी उपवास असतो त्या प्रत्येक मुलाला माहीत असते की त्या रात्री जेवण चंद्रोदयानंतर होते, आणि चंद्रोदयाची वेळ दिनदर्शिकेत छापलेली असते. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. मग चार दिवसांनी तो रात्री नऊच्या पुढे का उगवतो? रोज सरासरी पन्नास मिनिटे उशीर, ही संख्या मुले दिनदर्शिकेवरूनच काढतात. अंधाऱ्या खोलीत एक बल्ब लावून, पेन्सिलीला टोचलेला थर्माकोलचा चेंडू हात लांब करून धरायचा आणि स्वतःभोवती सावकाश फिरायचे. प्रत्येक मुलाने आपल्या चेंडूवर सगळ्या कला पाहायच्या. हे झाल्यावर मी ‘स्टेलॅरियम’ लावते. हे विनामूल्य तारांगण संगणकावर नेटशिवाय चालते, त्यात आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश भरता येतात आणि काळ पुढेमागे नेता येतो. वहीत ढगांमुळे कोऱ्या राहिलेल्या तारखा त्यावरून भरायच्या, पण वेगळ्या शाईने, म्हणजे स्वतः पाहिलेले कोणते आणि संगणकाने सांगितलेले कोणते हे नंतरही कळते.

व्यावहारिक अडचणींबद्दल थोडेच लिहिते, कारण त्या प्रत्येक शाळेच्या वेगळ्या असतात. नेटवर अवलंबून धडा आखू नये. फेटची सिम्युलेशन्स आधी घरी उतरवून पेनड्राइव्हवर घेता येतात आणि नेटशिवाय चालतात. वीज नसेल तर त्या दिवशी हातांचे काम आणि दुसऱ्या दिवशी पडदा, एवढी लवचिकता क्रमातच असते. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडवरून उघडणारे ‘दीक्षा’चे साहित्य उजळणीला आणि गैरहजर मुलांना उपयोगी पडते, नवा भाग त्यावर सोपवणे मला पटत नाही. साहित्य स्वस्तात कसे करावे यासाठी अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ पुरेसे आहे. सेल, सेफ्टी पिना, चुंबक आणि वार्निशची तार एवढ्यावर चालणारी त्यांची मोटार आमच्याकडे दर वर्षी होते. या सगळ्यात तासिका जास्त जातात, हे खरे आहे. धाराविद्युतला मला पूर्वीपेक्षा तीन तासिका अधिक लागतात. त्या मी प्रश्नोत्तरे लिहून देणे बंद करून मिळवल्या, आणि पहिल्या वर्षी काही पालकांना ते आवडले नव्हते.

महाराष्ट्रात वर्षातून दोन दिवस भर माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आमच्या सातारा भागात हा शून्य सावलीचा दिवस एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, तेव्हा शाळेला सुट्टी असते, आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला येतो, तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते. म्हणून मी एप्रिलमध्येच घरी करायचे काम देते: अंगणात सपाट जागी सरळ बाटली ठेवून दुपारी तिची सावली पाहायची आणि लिहून ठेवायची. गेल्या जूनमध्ये एका मुलाने आणलेल्या कागदावर एवढेच होते: ‘१२ वाजता पाहिले. सावली होती. प्रयोग चुकला.’ मी तो कागद फळ्याला चिकटवला आणि स्टेलॅरियममध्ये ती तारीख आणि आमचे गाव लावले. बारा वाजता सूर्य अजून थोडा पूर्वेकडे होता. मी मिनिटे एकेक करून पुढे नेऊ लागले, मुले मोठ्याने वेळ वाचू लागली, आणि साडेबाराच्या सुमारास सूर्य माथ्यावर आला. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचे आणि आपले गाव सुमारे ७४ अंशांवर, हे गणित फळ्यावर मांडायला त्या मुलालाच बोलावले. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने त्याने चौतीस मिनिटे काढली, पडद्यावरच्या वेळेशी ताडून पाहिली आणि उरलेल्या तीन-चार मिनिटांचा फरक कशामुळे, असे विचारले. तो प्रश्न आम्ही त्याच कागदाखाली लिहून ठेवला आहे.